गाडी चेपली, माणसं चालत बाहेर आली: धडकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठोकलेल्या गाड्या बघणं हे माझं रोजचं काम. विम्याच्या क्लेमसाठी सर्व्हे करतो. यार्डात गाडीभोवती फिरत फोटो काढत असताना मालक, त्याचा मेव्हणा, क्रेनवाला आणि चहा घेऊन आलेला पोऱ्या असे सगळेच काही ना काही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच ते असतात. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

पुढचा भाग पार चोळामोळा झालाय. गाडी हलक्या प्रतीची निघाली का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि राग समजण्यासारखा असतो. हप्ते अजून चालू असतात.

एका पावसाळ्यात यार्डात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. पहिलीचं नाक जागेवर नव्हतंच. बोनेट उलट्या व्हीसारखं उभं राहिलेलं, रेडिएटर इंजिनाला चिकटलेला, डाव्या बाजूचा लाँगमेंबर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने जाणारी लांब पोलादी तुळई, साडीच्या निऱ्यांसारखा घड्या पडून आखडलेला. पण चारही दरवाजे हाताने उघडत होते, पुढची काच शाबूत होती आणि गाडीतले चौघे घरी होते. एकाच्या छातीवर बेल्टचा काळानिळा वळ उठला होता, बाकी खरचटलेलं. दुसऱ्या गाडीचं नुकसान त्या मानाने किरकोळ दिसत होतं. तिच्या काचेवर मात्र ड्रायव्हरच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली एक गोल जागा होती, बाहेरच्या बाजूला फुगलेली. काच बाहेर फुगली की समजायचं, आतून डोकं आदळलं. त्या गाडीचा ड्रायव्हर दवाखान्यात होता.

पहिल्या गाडीचा मालक मला म्हणाला, "साहेब, कसला पत्रा वापरतात हो, डबा आहे नुसता." त्या डब्याने आपल्या चौघांच्या वाटणीचा मार खाल्ला, हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला.

मार खाल्ला म्हणजे नेमकं काय झालं? धडकेची ताकद जाते कुठे?

घरी एक प्रयोग करा. बांधकामावर सळया बांधायला वापरतात त्या तारेचा वीतभर तुकडा घ्या आणि एकाच जागी पाच-सात वेळा झरझर वाकवा. लगेच ती जागा ओठाला लावा. गरम लागेल. तुमच्या हाताची शक्ती त्या वाकण्यात मुरली आणि तिची उष्णता झाली. गाडीच्या पुढच्या भागात हेच घडतं, फक्त मोठ्या मापात. पोलाद वाकतं, घडी पडते, फाटतं, आणि प्रत्येक घडीगणिक गाडीच्या वेगातली थोडी थोडी ऊर्जा खपते. ते पोलाद परत सरळ होत नाही, यातच त्याचं काम आहे. ते स्प्रिंगसारखं उसळून सरळ झालं असतं तर खाल्लेली सगळी ऊर्जा तुम्हाला परत दिली असती.

ऊर्जा किती, याचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब सांगतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी भिंतीवर आदळणं आणि तीच गाडी साधारण १४ मीटरवरून, म्हणजे चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडणं, जमिनीला टेकतानाचा वेग सारखाच. ताशी १०० असेल तर उंची ३९ मीटर होते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ६० वरून ८० म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. चेपणाऱ्या पोलादाच्या दृष्टीने ओझं पावणेदोन पटीहूनही जास्त होतं.

पण गाडी चेपल्याने माणूस कसा वाचतो?

थांबायला जागा मिळते म्हणून. उंचावरून गादीवर उडी मारणं आणि शहाबादी फरशीवर उडी मारणं, दोन्हीकडे वेग शून्यावरच येतो. फरक एवढाच की गादी तो हातभर अंतरात आणते आणि फरशी बोटभरही देत नाही.

७० किलोचा माणूस ६० च्या वेगात आहे असं धरा. त्याला ५ सेंटीमीटरमध्ये थांबवायचं तर अंगावर सरासरी २० टनांच्या आसपास जोर येतो. म्हणजे दोन भरलेले ट्रक. तोच ६० सेंटीमीटरमध्ये थांबला तर जोर सुमारे १,६५० किलोवर येतो. तोही काही कमी नाही, पण छातीवर आणि कंबरेच्या हाडांवर पसरून, सेकंदाच्या सात शतांश भागापुरता आला तर धडधाकट माणूस तो सोसतो.

माणूस किती सोसतो हे पाहायला अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप स्वतःच रॉकेटच्या घसरगाडीवर बसले होते. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत ते ताशी १,०१७ किलोमीटरच्या वेगावरून १.४ सेकंदांत थांबले. अंगावर वजनाच्या ४६ पट जोर आला, डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण ते वाचले. अर्थात त्यांना पट्ट्यांनी करकचून बांधलेलं होतं. हे 'बांधलेलं' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग सगळी गाडीच मऊ का करत नाहीत?

कारण मधे तुम्ही बसलेले असता. पुढचा आणि मागचा भाग चेपायचा, मधली खोली मात्र हलता कामा नये, ही कल्पना बेला बारेनी या इंजिनिअरची. मर्सिडीजमध्ये असताना त्यांनी १९५१ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १९५२ मध्ये ते मिळालं आणि १९५९ मध्ये या विचाराने बांधलेली गाडी रस्त्यावर आली. तोवर 'गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित' हेच शहाणपण समजलं जायचं. अजूनही आमच्या यार्डात तेच समजलं जातं.

मधल्या खोलीचे खांब, म्हणजे काचेच्या दोन्ही बाजूंचे ए पिलर आणि दरवाजांच्या मधला बी पिलर, वेगळ्याच पोलादाचे असतात. पोलादाचा पत्रा भट्टीत लालबुंद तापवायचा, तसाच साच्यात दाबायचा आणि साच्यातच झटकन थंड करायचा. साध्या पत्र्याच्या कितीतरी पट ताकद त्यात येते. आगीनंतर किंवा अपघातानंतर सुटकेसाठी गाडी कापणाऱ्या पथकांची जुनी कटर या खांबांवर बोथट होतात, ती यामुळेच.

धडकेत आधी काय चेपतं, मग काय?

बाहेर दिसतो तो बंपर म्हणजे नुसतं प्लास्टिकचं कव्हर. त्याच्या मागे फोम, फोममागे आडवा पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा बीम, आणि बीमच्या दोन टोकांना वीतभर लांबीचे दोन पोकळ डबे. त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. ताशी १५ किलोमीटरच्या आसपासच्या ठोकरीत एवढंच मरावं अशी रचना असते. क्रॅश बॉक्स बोल्टने बसवलेले असतात; खोलायचे, नवे लावायचे, चॅसिसला हात लावायची गरज नाही.

धडक त्याहून मोठी असेल तर पाळी लाँगमेंबरची. इंजिनाच्या दोन बाजूंनी पुढून मागे जाणाऱ्या या दोन चौकोनी पोकळ तुळया. त्यांना टोकाजवळ मुद्दाम खाचा किंवा खळगे दिलेले असतात. पहिली घडी कुठे पडायची हे ठरवलेलं असतं, म्हणजे तुळई मधेच मोडून आडवी न पडता सरळ रेषेत एकावर एक निऱ्या पडत जातात. घडी घातलेली तुळई भरपूर ऊर्जा खाते. मधेच कोपरात वाकलेली फारशी खात नाही. म्हणून मी कुठल्याही गाडीखाली वाकतो तेव्हा आधी निऱ्या बघतो.

इंजिन चेपत नाही, तो ओतीव गोळा. त्यामुळे त्याची बैठक अशी असते की जोराच्या धडकेत त्याने मागे तुमच्या मांडीवर न येता खाली सरकावं. स्टेअरिंगचा दांडाही दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकात एक सरकतो. जुन्या गाड्यांमध्ये तो सरळ छातीत भाल्यासारखा घुसायचा.

आमची जुनी ॲम्बॅसडर झाडाला ठोकली तर झाडच पडायचं. त्या गाड्या मजबूत नव्हत्या का?

गाडी मजबूत होती. आत बसलेल्यांचं विचारा.

हा वाद तोंडाने मिटत नाही म्हणून अमेरिकेतल्या रस्ता सुरक्षेच्या विमा संस्थेने २००९ मध्ये तो लोखंडाने मिटवला. १९५९ ची शेव्हरोले बेल एअर, दणदणीत, क्रोमने मढवलेली, आणि २००९ ची शेव्हरोले मालिबू. दोन्ही ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर, अर्ध्या तोंडाने आदळवल्या. ते चित्रीकरण सहज बघायला मिळतं, बघाच. जुनीचं नाक टिकलं नाहीच, वर तिची मधली खोली कोसळली, ए पिलर मागे गेला, दरवाजा उघडला, स्टेअरिंग चाचणीसाठी आत बसवलेल्या पुतळ्याच्या अंगावर आलं. त्या जागी माणूस असता तर गेलाच असता. नवीचं नाक सपाट झालं आणि पुतळ्याच्या पायाला लागलं.

शोरूममध्ये बोनेटवर अंगठा दाबून "पत्रा पातळ आहे" म्हणणारे असतात, त्यांच्यासाठीही हेच उत्तर. बोनेट आणि मडगार्डचा बाहेरचा पत्रा हा अंगरखा आहे. हाडं आत असतात आणि ती अंगठ्याने कळत नाहीत. शिवाय बोनेट थोडं लवचीक असावं लागतं, कारण पायी चालणाऱ्याला धडक बसली तर त्याचं डोकं तिथेच आपटतं.

गाडीच एवढं करते तर सीट बेल्ट कशाला?

एका अपघातात तीन धडका होतात. पहिली गाडीची भिंतीशी. दुसरी तुमची गाडीच्या आतल्या भागाशी. तिसरी तुमच्या हृदयाची, यकृताची, मेंदूची तुमच्याच फासळ्यांशी आणि कवटीशी.

आता बेल्ट नाही असं समजा. गाडी चेपायला लागते, तिचा वेग उतरायला लागतो, तुमचा उतरत नाही. तुम्ही सीटवरून तसेच ६० च्या वेगाने पुढे निघता. ते ६० सेंटीमीटर चेपून गाडी थांबते तेव्हा तुम्ही जेमतेम स्टेअरिंगपाशी पोचलेले असता. म्हणजे ज्या जागेसाठी एवढं पोलाद खर्ची पडलं ती तुम्हाला मिळालीच नाही. मघाचा ५ सेंटीमीटरचा हिशेब तुमच्या वाट्याला आला. बेल्ट तुम्हाला गाडीच्या मरणाशी बांधतो. ती हळू थांबते म्हणून तुम्हीही हळू थांबता. बेल्टशिवाय चेपणारी गाडी आणि न चेपणारी गाडी यात फारसा फरक उरत नाही.

बेल्टही नुसती पट्टी नाही. धडक कळताच त्याच्या रिळात छोटा स्फोट होतो आणि ढिला भाग आत खेचला जातो. मग छातीवर जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की रिळातला दांडा पिळत पिळत बेल्ट थोडा थोडा सोडतो. तिथेही तेच तत्त्व, धातू पिळायचा आणि माणूस जपायचा.

तीन बिंदूंचा हा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोहलिनने १९५९ मध्ये आणला आणि कंपनीने पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं.

बेल्ट लावला होता की नाही हे तुम्हाला कसं कळतं?

हे विचारणाऱ्याने बहुतेक लावलेला नसतो.

बेल्टच सांगतो. लावलेला असेल तर खांबावरच्या कडीत, जिथून पट्टी वळते, तिथे प्लास्टिक घासून वितळल्यासारखं चकाकतं आणि पट्टीवर तेवढ्या जागी कडक, लाटा पडलेला पट्टा असतो. स्फोटानंतर रीळ अडकतं, त्यामुळे पट्टी माणसाच्या मापाने बाहेर राहिलेली असते, परत आत जात नाही. नसेल लावला तर ती खांबाला चिकटून घट्ट अडकलेली मिळते आणि ओढून येत नाही. काही गाड्यांत बकलमध्ये एक सुटी क्लिपही सापडते, बेल्ट न लावता अलार्म बंद ठेवणारी. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना ती काढून टाकायला लावली, तरी दुकानांतून मिळते. स्वतःच्या पैशाने स्वतःला फसवण्याची यापेक्षा स्वस्त सोय मी पाहिलेली नाही.

मागे बसणाऱ्यांना काय गरज? पुढे सीटची आड आहे की.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागडी होती, एअरबॅग होत्या. पुढचे दोघे जखमी होऊन वाचले, मागचे दोघे वाचले नाहीत, आणि मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर मुंबईत मागच्या बेल्टची सक्ती पोलिसांनी मनावर घेतली. कायद्यात ती आधीपासूनच होती, दंड १,००० रुपये.

पुढच्या सीटची पाठ ही मागच्यासाठी उशी नाही. ती चौकट आहे, पोलादी. आणि मागून आलेलं ७० किलोचं ओझं पुढच्या माणसाला त्याच्याच बेल्टवर दाबतं. मागचा माणूस बेल्ट लावत नसेल तर त्याच्यापुढे बसू नका, एवढंच मी माझ्या घरात सांगतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीत बेल्ट न लावल्यामुळे गेलेल्या १६,७१५ जणांपैकी ८,३३१ प्रवासी होते. म्हणजे जवळजवळ निम्मे.

बाळाला मांडीवर घट्ट धरून बसलं तर?

नाही धरता येत. ६० च्या वेगाच्या मघाच्याच धडकेत १० किलोचं बाळ २४० किलोचं होतं. पोत्याचं वजन उचलणाऱ्या हमालालाही ते पेलणार नाही, शिवाय वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी. स्वतःचा बेल्ट बाळाभोवतीही गुंडाळून घेणं त्याहून वाईट, कारण मग बाळ तुमचं वजन आणि बेल्ट यांच्यामध्ये चिरडलं जातं. बाळासाठी वेगळी सीट, मागच्या बाजूला, आणि तान्ह्यासाठी पाठ समोरच्या रस्त्याकडे करून. पाठ रस्त्याकडे असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर कधीच लावायची नाही.

एअरबॅग उघडलीच नाही. कंपनीवर केस करू का?

करा, पण आधी धडक कशी होती ते बघा. एअरबॅग नुकसान बघून उघडत नाही. गाडीचा वेग किती झटकन उतरतोय हे सेन्सर बघतात आणि पहिल्या काही सहस्रांश सेकंदांतच निर्णय होतो. उलटलेली गाडी, मागून बसलेला दणका, ट्रकखाली घुसलेलं बोनेट, यांत पुढच्या एअरबॅगला काम नसतं किंवा धडक तिला ओळखता येत नाही.

उघडते तेव्हा सुमारे ३० सहस्रांश सेकंदांत फुगते. पापणी लवायला याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. ती बाहेर येते ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने, म्हणजे फुगत असताना ती उशी नसते, ठोसा असते. तुम्ही पोचेपर्यंत ती फुगून झालेली आणि भोकांतून हवा सोडू लागलेली असावी, असा मेळ बसवलेला आहे. बेल्ट नसेल तर तुम्ही वेळेआधी पोचता. स्टेअरिंगला छाती चिकटवून चालवणाऱ्यांचंही तेच. वीतभराहून थोडं जास्त, २५ सेंटीमीटर तरी अंतर ठेवा. आणि डॅशबोर्डवर पाय टाकून झोपणाऱ्या सहप्रवाशाला उठवा. एअरबॅगने ते गुडघे तोंडावर येतात.

पुढच्या एअरबॅगच्या यंत्रणेचं नावच 'पूरक' यंत्रणा असं आहे. मुख्य कोण, ते वर सांगितलं.

दोन गाड्या ६०-६० ने समोरासमोर आल्या तर १२० ची धडक झाली ना?

सारख्या वजनाच्या असतील तर नाही. दोन्ही जागच्या जागी थांबतात आणि प्रत्येकीला ६० ने पक्क्या भिंतीवर आदळल्याइतकाच मार बसतो. ऊर्जा दुप्पट, पण ती खायला नाकंही दोन.

वजनं वेगळी असली की खेळ बदलतो. १,८०० किलोची एसयूव्ही आणि ९०० किलोची छोटी गाडी घ्या. धडकेनंतर दोन्ही मिळून एसयूव्हीच्या दिशेने २० ने सरकतात. म्हणजे एसयूव्हीतल्या लोकांचा वेग ४० ने बदलला आणि छोट्या गाडीतल्यांचा ८० ने. म्हणूनच मोठी गाडी घेणाऱ्याला सुरक्षित वाटतं, ते खोटं नाही. फक्त ती सुरक्षितता अंशतः समोरच्याच्या खात्यातून काढलेली असते. आणि समोर पुलाचा कठडा असला तर वजनाचा फायदा शून्य.

बाजूने धडक बसली तर?

तिथे चेपायला जागाच नाही. दरवाजा आणि तुमचा खांदा यात वीत-दीड वीत. त्यामुळे बाजूला चेपण्यापेक्षा अडवणं आणि मार वाटून देणं यावर भर असतो: दरवाजातली आडवी नळी, बी पिलर, खालचा उंबरठा, पलीकडच्या बाजूपर्यंत जाणारे सीटखालचे आडवे बीम. उरलेलं काम बाजूच्या आणि पडद्यासारख्या एअरबॅगचं. बऱ्याच गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतूनच फुटून येते, तेव्हा जाडजूड शिवलेलं सीट कव्हर घालण्याआधी सीटच्या कडेला 'एअरबॅग' असा टॅग आहे का ते बघा.

उभ्या ट्रकच्या मागे घुसलेल्या गाड्यांची अवस्था एवढी वाईट का असते?

द्रुतगती मार्गावरच्या या केस मला सगळ्यात नकोशा वाटतात. गाडीची सगळी तयारी बंपरच्या उंचीवर आहे. ट्रकचा हौदा त्याच्या वर, बोनेटच्या उंचीवर. गाडी खाली घुसते, क्रॅश बॉक्स आणि लाँगमेंबर यांना काही लागतच नाही, निऱ्या पडत नाहीत, आणि हौद्याची कड थेट काचेला आणि ए पिलरला भिडते. गाडीला सुरक्षेचे स्टार कितीही असोत.

यावर उपाय ट्रकच्या मागे खाली लावलेला आडवा बार. नियमाने तो हवाच. पण गेलेला, वाकलेला, नुसत्या पट्टीसारखा उरलेला आणि दोन बोल्टवर लोंबणारा बार तुम्हीही रोज बघता. माझ्या मते महाराष्ट्रात कारमधल्या माणसांचे जीव वाचवायचे तर कारइतकंच ट्रकच्या त्या बारकडे बघायला हवं.

पुढे लोखंडी बुल गार्ड लावून घेतला तर जास्त सुरक्षित ना?

काढा तो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने त्यावर बंदीचं पत्रही काढलंय. गार्डचे पाय बहुधा थेट चॅसिसला बोल्ट केलेले असतात. क्रॅश बॉक्सने खायचा मार मधली पायरी गाळून आत पोचतो, सेन्सरचं गणित बिघडू शकतं, आणि पायी चालणाऱ्याला तर ते पहारीसारखं लागतं. किरकोळ खरचटणं वाचतं हे खरं. त्यासाठी बंपरला रंग मारणं स्वस्त पडतं.

फाइव्ह स्टार म्हणजे नक्की काय?

म्हणजे त्या गाडीने ठरावीक परीक्षा चांगल्या मार्कांनी दिली. समोरची चाचणी ताशी ६४ किलोमीटरने, गाडीच्या ४० टक्के तोंडावर, चेपणाऱ्या अडथळ्याशी. बाजूची ५० ने, खांबाची २९ ने. गाड्या आदळवून स्टार देणारा भारत एनकॅप हा आपला कार्यक्रम १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाला.

२०१४ मध्ये अशाच चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या आदळवल्या तेव्हा पाचही शून्यावर होत्या. त्यातल्या काहींबद्दल त्यांनी म्हटलं होतं की ढाचाच इतका अस्थिर आहे की एअरबॅग बसवूनही फार उपयोग नाही. म्हणून अहवालात मी स्टारआधी 'ढाचा स्थिर' की 'अस्थिर' हा शब्द शोधतो. सहा एअरबॅग जाहिरातीत दिसतात, ए पिलर दिसत नाही.

आणि परीक्षा ६४ ची आहे. १२० ला ऊर्जा साडेतीनपट असते, तिथे त्या स्टारना विचारण्यात अर्थ नाही.

इलेक्ट्रिक गाडीत पुढे इंजिनच नाही. मग?

चेपायला जागा उलट जास्त मिळते. अडचण वजनाची आणि तळाशी असलेल्या बॅटरीची. म्हणून उंबरठ्यात ॲल्युमिनियमच्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या पोकळ पट्ट्या घालून बाजूचा मार बॅटरीपर्यंत पोचू देत नाहीत, आणि धडक कळताच छोट्या स्फोटाने मुख्य वीजजोड तोडला जातो. तरी ठोकलेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या केशरी वायरींना हात लावायचा नाही.

दुरुस्तीनंतर गाडी पहिल्यासारखी सुरक्षित राहते का?

कोणी, कशी दुरुस्त केली त्यावर आहे. क्रॅश बॉक्स आणि बीम बदलले असतील तर राहते. लाँगमेंबर गॅसने लाल करून ओढून सरळ केला असेल तर नाही. दिसायला तो सरळ असतो, रंग मारला की कोणाला कळत नाही, पण जास्त ताकदीचं पोलाद तापवलं की त्याची ताकद जाते, आणि पुढच्या धडकेत घडी हवी तिथे पडत नाही. एकदा निऱ्या पडलेलं पोलाद इस्त्री करून परत वापरायचं नसतं. हेल्मेटच्या आतल्या थर्मोकोलचंही असंच आहे. एकदा आपटलं की ते दबून आपलं काम करून गेलेलं असतं, बाहेरून कितीही नवं दिसो.

एअरबॅग, बेल्टची रिळं आणि सेन्सर हेही बदलावे लागतात. बिलात नुसती स्टेअरिंगची एअरबॅग दिसली आणि बेल्टचं नाव नसलं तर मी विचारतो. तुम्हीही विचारा.

जुनी गाडी घेताना ठोकलेली आहे का हे कसं ओळखायचं?

बोनेट उघडा. रंगाच्या चकाकीकडे नंतर बघू. मडगार्डचे बोल्ट बघा, त्यांच्या डोक्यावरचा रंग पान्याने उडालेला आहे का. लाँगमेंबरच्या टोकाला मोबाइलचा टॉर्च मारा. कारखान्यातलं स्पॉट वेल्डिंग म्हणजे एकसारख्या अंतरावर गोल ठसे. हाताने केलेलं वेल्डिंग कितीही घासलं तरी वाहतं दिसतं. दोन्ही बाजूंची तुलना करा, डावीकडे सीलंटची रेघ सरळ आणि उजवीकडे बोटाने फिरवलेली असेल तर काहीतरी झालेलं आहे. मग आत बसून चारही बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. पट्टीच्या मुळाशी उत्पादनाची तारीख शिवलेली असते. गाडी २०१९ ची आणि ड्रायव्हरचा बेल्ट २०२२ चा निघाला, तर विकणाऱ्याला चहा सांगा आणि निवांत बसून विचारा.